प्रतिज्ञेनंतरची बैठक : दारूमुक्तीच्या इतिहासातील एक राहून गेलेला दुवा

आपल्याकडे दारूचा इतिहास मुख्यतः दोघांनीच लिहिला आहे. एक सरकारच्या आबकारी खात्याने आणि दुसरा नीतीच्या उपदेशकाने. आबकारी खात्याच्या वहीत गॅलन आणि रुपये आहेत. उपदेशकाच्या तोंडी पाप आणि अधःपात आहे. ज्या माणसाने दारू प्याली, जो तिच्यात बुडाला आणि पुन्हा पुन्हा काठाला लागण्यासाठी धडपडला, त्याची नोंद या दोघांनीही ठेवलेली नाही. दलित आत्मकथनांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) आपल्या लेखनात दारू येते ती वस्तीच्या वास्तवाचा एक भाग म्हणून, लपवाछपवी न करता येते. पण तिथेही दारूने संपलेला बाप भेटतो, दारूतून परत आलेला बाप क्वचितच भेटतो.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. दारू सोडू इच्छिणाऱ्या आपल्या माणसाला चार समदुःखी माणसांत बसायला जागा कुठे आहे? परभणी जिल्ह्यातल्या पेडगावसारख्या गावातून तो अशी जागा शोधायला निघाला तर त्याला काय हाती लागेल? प्रश्न वरवर पाहता व्यवहारातला आहे. परंतु त्याचे उत्तर इतिहासात शिरल्याशिवाय मिळत नाही. गुत्ता गावात सहज सापडतो आणि गुत्ता सोडणाऱ्यांची बैठक मात्र शोधावी लागते, ही स्थितीही इतिहासानेच घडवलेली आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दारूशी आपला समाज आजवर दोन आघाड्यांवर लढला. एक दुकानाच्या दारात आणि दुसरी प्रतिज्ञेच्या व्यासपीठावर. या दोन्हींच्या मध्ये तिसरी एक आघाडी असते. एकाच व्यसनात सापडलेल्या माणसांनी दर आठवड्याला एकत्र बसणे आणि एकमेकांना सावरणे. ही तिसरी आघाडी आपल्याकडून राहून गेली. ती उभारण्याचे साहित्य मात्र आपल्याच परंपरेत पडून आहे.

१. गुत्ता

पेडगाव हे परभणी तालुक्यातले गाव, परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे एक लहान स्टेशन. (बहादूरगडामुळे इतिहासाच्या पुस्तकात येणारे पेडगाव ते हे नव्हे, ते श्रीगोंदे तालुक्यातले.) १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात जमीनमहसुलाखालोखाल जी मोठी आवक होती तीत आबकारीचा समावेश होता. १३१६ फसलीचा, म्हणजे १९०६-०७ च्या सुमाराचा, हैदराबाद आबकारी कायदा हा त्या व्यवस्थेचा कणा. शिंदीच्या झाडापासून मोहाच्या फुलापर्यंत जे जे म्हणून नशा देई ते ते राज्याच्या हक्काखाली आले आणि विकण्याचा अधिकार मक्त्याने दिला जाऊ लागला.

मराठवाड्यात ठेकेदाराला आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात. रस्त्याचा गुत्तेदार, इमारतीचा गुत्तेदार. गुत्ता म्हणजे मक्ता. दारू विकण्याचा गुत्ता ज्याने घेतला त्याच्या दुकानालाच लोक गुत्ता म्हणू लागले आणि पुढे तोच शब्द रूढ झाला. भाषेने इथे राज्यकारभाराची एक साक्ष जपून ठेवली आहे. आपल्या आज्यापणज्यांनी दारू प्यायच्या जागेला जे नाव दिले त्यात पिण्याचा उल्लेखच नाही. उल्लेख आहे तो सरकारी मक्त्याचा. मक्ता घेणाऱ्याला भरलेली रक्कम वसूल करायची असते. म्हणून गिऱ्हाईक वाढवणे, उधारीवर पाजणे आणि मजुरीच्या दिवशी किंवा बाजारच्या दिवशी ती उधारी हातोहात कापून घेणे हा त्या धंद्याचा स्वभावच ठरतो. ज्याच्याजवळ जमीन नाही, घरात धान्याची कणगी नाही आणि हातात फक्त रोजची मजुरी आहे, तो माणूस या धंद्याला सर्वात सोयीचा. गावकुसाबाहेरच्या वस्तीला दारू अधिक प्रिय होती असे म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब तपासावा.

१९४७-४८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडली गेली. निजामाच्या उत्पन्नाच्या मुळावर घाव घालावा हा हेतू होता. म्हणजे दारूचा आणि राज्यसत्तेचा संबंध त्या काळच्या खेड्यातल्या माणसालाही पुरता ठाऊक होता. निजाम गेला, पण महसुलाची ती रीत गेली नाही. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा त्या राज्यात आला आणि पुढे तोच कायदा इकडेही लागू झाला. बंदीच्या काळात गुत्त्याची जागा हातभट्टीने घेतली. नंतर बंदी सैल झाली आणि १९७३ च्या देशी दारूच्या नियमांनी परवान्याचे दुकान पक्के केले. तो १९४९ चा कायदा आजही आहे. त्याच्या नावात दारूबंदी आहे आणि त्याच्याच आधाराने विक्रीचे परवाने दिले जातात.

या साखळीचे आणखी एक टोक पाहण्यासारखे आहे. मराठवाड्यातला भूमिहीन मजूर दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला जातो. त्याने तोडलेला ऊस कारखान्यात गाळला जातो, साखरेबरोबर मळी निघते, मळीपासून मद्यार्क निघतो आणि त्या मद्यार्काची देशी दारू बाटलीत भरून त्याच्याच वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. उचल घेताना तो बांधला जातो, फड उरकताना थकतो आणि थकवा घालवण्यासाठी स्वतःच्याच घामाचा अर्क विकत घेतो. याला केवळ व्यक्तीचे दुर्व्यसन म्हणता येत नाही.

२. दुकान आणि प्रतिज्ञा

या प्रश्नाकडे सामाजिक दृष्टीने पाहण्याची सुरुवात महात्मा फुल्यांपासून करावी लागते. फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा त्यांनी म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांना, प्लंकेट यांना, पत्र लिहून त्याला विरोध केला. रयतेच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करणाऱ्या म्युनिसिपालिटीने घरेदारे बुडवणाऱ्या दुकानांकडे दुर्लक्ष करू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की फुल्यांनी जाब विचारला तो प्रशासनाला. पिणाऱ्याला पापी ठरवून ते मोकळे झाले नाहीत.

फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केले. त्याच अमेरिकेतल्या फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून पळून सुटलेल्या माणसाने १८४५ सालच्या आत्मचरित्रात एक विदारक निरीक्षण नोंदवले आहे. नाताळच्या सुट्टीत मालक लोक गुलामांना मुद्दाम भरपूर दारू पाजत. न पिणारा गुलाम त्यांना कृतघ्न वाटे. सुट्टी संपेपर्यंत गुलामाला स्वातंत्र्याचीच शिसारी यावी हा त्यामागचा डाव होता. डग्लसने त्याच वर्षी आयर्लंडमध्ये फादर मॅथ्यू यांच्याकडून मद्यत्यागाची शपथ घेतली. पण त्याआधी तीन वर्षे, १ ऑगस्ट १८४२ रोजी, फिलाडेल्फियात काळ्या लोकांनी काढलेल्या मद्यत्यागाच्या मिरवणुकीवर गोऱ्या जमावाने हल्ला केला होता. दलिताने दारू प्याली तर तो बदनाम होतो आणि दारू सोडून ताठ मानेने रस्त्यावर आला तर तो डोळ्यांत सलतो. हा अनुभव आपल्याला परका नाही.

बाबासाहेबांची भूमिका याहून अधिक खोलात जाऊन समजून घेतली पाहिजे, कारण वरवर पाहणाऱ्याला तीत विसंगती दिसते. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत मद्यबंदीचे तत्त्व मार्गदर्शक तत्त्वांत घालण्याचा विषय आला. आदिवासींच्या वतीने जयपालसिंह यांनी विरोध केला. तांदळाची दारू आमच्या धार्मिक जीवनाचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली, पण हे केवळ मार्गदर्शक तत्त्व आहे, ते कधी आणि कसे अमलात आणायचे याला राज्य मोकळे आहे, हेही स्पष्ट केले. पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात तर दारूबंदी रद्द करावी अशीच मागणी आहे. बंदीने महसूल बुडतो, तो लोकांच्या गरजांसाठी हवा आहे. आणि बंदीमुळे दारू गाळणे हा घरगुती धंदा झाल्याने पूर्वी पुरुषच पीत तिथे आता बायकामुलेही पिऊ लागली, अशी त्यामागची कारणे होती.

आणि याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायाला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत मद्यपान न करण्याची एक प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. यात विसंगती शोधणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. पोलिसाच्या दंडुक्याने दारू सुटत नाही, असे बाबासाहेब मानत होते. माणसाने स्वतः, दहा माणसांच्या साक्षीने, ती सोडली पाहिजे असेही ते मानत होते. बंदी ही सत्तेची कृती आहे आणि प्रतिज्ञा ही स्वाभिमानाची. मरीआईपुढच्या नैवेद्यातली दारू, लग्नकार्यातली दारू, बैठकीतली दारू असंख्य घरांतून त्या एका प्रतिज्ञेने हद्दपार झाली. आपल्या सामाजिक इतिहासातली ही फार मोठी घटना आहे, आणि तिची म्हणावी तशी नोंद अजून झालेली नाही.

३. प्रतिज्ञा मोडल्यावर

पण प्रतिज्ञा घेणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे होती. सणासुदीला पिणारा माणूस प्रतिज्ञेने सुटला. ज्याच्या शरीराला दारूची सवय जडली होती, ज्याचे हात सकाळी थरथरत आणि घोट गेल्याशिवाय थांबत नसत, त्याचे काय झाले? त्याने प्रतिज्ञा घेतली, काही दिवस पाळली आणि मग ती मोडली. ज्या दिवशी मोडली त्या दिवसापासून तो आपल्याच माणसांत तोंड लपवू लागला. पूर्वी तो नुसता दारुडा होता. आता बाबांचा शब्द मोडणारा ठरला. जयंतीच्या व्यासपीठावरून त्याच्यावर तोंडसुख घेतले गेले, विहारात तो मागे बसू लागला आणि हळूहळू यायचाच बंद झाला. प्रतिज्ञेने ज्याला सर्वात जास्त आधार द्यायला हवा होता तोच तिच्यापासून सर्वात दूर गेला.

पेडगावकडच्या माझ्या एका चुलतमामांशी या विषयावर बोलणे झाले होते. उभी हयात मजुरीत गेलेली, शाळा दुसरीपर्यंत. ते म्हणाले, “बापू, मी दर साली चौदा एप्रिलला सोडतो. पंधरा दिवस, महिना राहतो. सोडा म्हणायला समदे येतेत. सोडल्यावर संगं बसायला कोणीच येत नाही.” चळवळीचे विश्लेषण करणारी मी वाचलेली अनेक पुस्तके या एका वाक्याच्या जवळपास आलेली नाहीत. मामा जे मागत होते त्याला जगात एक नाव आहे, एक पद्धत आहे आणि एक इतिहास आहे. तो आपल्या वस्तीपर्यंत पोचला नाही, एवढेच.

खरे तर तो फार पूर्वी आपल्याच घरात होता. विनयपिटकात मद्यपानाविरुद्धचा नियम कसा झाला याची हकीकत आहे. सागत नावाचा एक थोर भिक्षू होता. त्याने एका भयंकर नागाला शांत केले म्हणून कोसंबीच्या उपासकांनी घरोघर त्याला मद्य दिले आणि तो नगराच्या वेशीत धुंद होऊन पडला. बुद्धाने त्याला तिथे टाकून दिले नाही. भिक्षूंकरवी उचलून विहारात आणले. त्याचे डोके बुद्धाच्या पायांकडे करून ठेवले तर नशेत तो उलटा फिरला आणि पाय बुद्धाकडे करून झोपला. बुद्धाने संघाला एवढेच विचारले की याला आता साधा पाणसाप तरी आवरता येईल काय. नियम झाला तो पाचित्तिय वर्गातला. म्हणजे ज्याच्याकडून चूक घडली त्याने ती दुसऱ्या भिक्षूजवळ बोलून दाखवायची आणि पुन्हा संघात बसायचे. हकालपट्टी नाही. पुढे याच सागताचे नाव अग्रश्रावकांच्या यादीत, तेजोधातूत निपुण असलेल्यांत प्रथम म्हणून, आले आहे. दर पंधरवड्याच्या उपोसथाला भिक्षू एकत्र जमत, नियमांचे पठण होई आणि ज्याचे काही चुकले असेल तो ते सांगे. चूक सांगण्याची जागा आणि परत येण्याचा दरवाजा, ही दोन्ही संघाच्या रचनेतच होती.

बाबासाहेबांना याची जाणीव होती. विहारात दर आठवड्याला सामुदायिक वंदना आणि प्रवचन व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. पण दीक्षेनंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, ते गेले. प्रतिज्ञा देऊन झाली होती. प्रतिज्ञा पाळायला मदत करणारी आठवड्याची बैठक गावोगाव उभी करायला त्यांना वेळच मिळाला नाही. ते काम अनुयायांचे होते. अनुयायी गटांत वाटले गेले.

४. ॲक्रनहून मुंबईकडे

आता या इतिहासाची दुसरी धार पाहू. अमेरिकेत मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन शहरात आला होता. दारूपायी त्याचे सर्वस्व गेले होते आणि जेमतेम काही महिन्यांपूर्वी ती सुटली होती. काम फसले. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बार होता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याच्या ध्यानात आले की आपल्याला या क्षणी दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलले पाहिजे, नाहीतर आपण पिणार. त्याने चर्चच्या यादीतून फोन लावायला सुरुवात केली. त्या शोधातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी पडली, जो स्वतः दारूत बुडालेला होता. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला. तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा जन्मदिवस मानतात.

या घटनेतले सार एवढेच की बुडणाऱ्याला बुडून वर आलेल्याचाच हात लागतो. डॉक्टर औषध देतो, नातेवाईक रडतात, पुढारी भाषण करतो. पण ‘मलाही असेच होत होते’ हे वाक्य फक्त तोच म्हणू शकतो. या माणसांनी बैठकीची रीत साधी ठेवली. सभासद होण्याची एकच अट, दारू सोडायची इच्छा. फी नाही, बाहेरची देणगी नाही, कायमचा अध्यक्ष नाही, कुठल्या राजकीय वादात भाग नाही. जन्मभराची शपथ घ्यायची नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, उद्याचे उद्या. प्याला तरी पुन्हा यायचे. १९५१ मध्ये व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी बैठक सुरू झाली.

१९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी नागपुरात आपण प्रतिज्ञा घेतली. १९५७ साली मुंबईत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चे काम सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एकाच वर्षी उगवलेल्या या दोन गोष्टींची गाठ मात्र पडली नाही. एकीकडे प्रतिज्ञा होती आणि बैठक नव्हती. दुसरीकडे बैठक होती, पण तिचा पत्ता आपल्या वस्तीला कळला नाही.

ही पद्धत उपयोगी पडते काय, हा रास्त प्रश्न आहे. २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला. दारूपासून संपूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत अशा बैठकींना जोडून देणारे उपचार इतर प्रचलित मानसोपचारांच्या तोडीचे किंवा त्यांहून सरस ठरतात. हा चमत्कार नाही. पुष्कळ लोक मध्येच सोडून जातात, पुष्कळ पुन्हा पितात. पण बिनपैशाच्या, बिननेत्याच्या बैठकीने एवढे साधावे ही लहान गोष्ट नव्हे.

५. आपल्या अडचणी

ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे उतरवावी असे मला म्हणायचे नाही. तीन अडचणींचा विचार व्हायला हवा.

पहिली अडचण देवाची. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो. ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्याच्या घशाखाली हे उतरणे कठीण. पण ज्याला जसा समजेल तसा ईश्वर, अशी मुभा त्या पायऱ्यांतच आहे, आणि पुष्कळजण आपल्यापेक्षा मोठी शक्ती म्हणून त्या गटालाच मानतात. संघाला शरण जाणाऱ्या माणसाला याहून वेगळे काय करायचे आहे? आपण एकटे अपुरे आहोत आणि संघात पुरे पडतो, ही कल्पना आपल्याला कुणाकडून उसनी घ्यावी लागत नाही.

दुसरी अडचण जातीची, आणि ती अधिक अवघड आहे. या बैठकीत फक्त पहिले नाव सांगण्याची रीत आहे. अमेरिकेत ती अब्रू सांभाळण्यासाठी पडली. महाराष्ट्रात तिला आणखी एक अर्थ येतो. आपल्याकडे आडनाव विचारणे म्हणजे जात विचारणे. ज्या दारात आडनाव बाहेर ठेवावे लागते त्या दारात जातही निदान क्षणभर बाहेर राहते. शहरात हे जमते. खेड्यात जमत नाही, कारण तिथे प्रत्येकाला प्रत्येकाची वस्ती ठाऊक असते. सरपंचाच्या ओसरीवर बैठक भरली तर बुद्धवाड्यातला माणूस जाणार नाही आणि विहारात भरली तर वरच्या आळीतला येणार नाही. यावर उपाय एकच दिसतो. बैठक तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी, शाळेच्या खोलीसारख्या सर्वांच्या जागेत एक, आणि आपल्या विहारात आपली एक. पहिलीत आडनाव गळून पडते, दुसरीत संकोच गळून पडतो. दोन्हींची गरज आहे.

तिसरी अडचण बाईची. दारूविरुद्धचा खेड्यातला लढा बायांनीच लढवला आहे. १९९२ मध्ये शेजारच्या आंध्रात, नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्यातल्या बाया उठल्या आणि अख्खे राज्य हलले. गडचिरोलीत लोकांच्या रेट्यामुळे १९९३ मध्ये जिल्हाबंदी आली. २००८ च्या आदेशाने गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद करण्याची तरतूद झाली. हे सारे मोलाचे आहे. परंतु चंद्रपूरचा धडाही विसरता येत नाही. तिथे २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. दुकान सरकारच्या हुकमाने बंद होते तसेच ते हुकमाने उघडते. उघडल्यावर त्या दारातून परत फिरणारा माणूस तयार झाला नसेल तर बाईचा लढा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. मार खाऊन, मजुरी करून, वर नवऱ्याचे व्यसन लपवत जगणाऱ्या त्या बाईलाही बोलायला जागा हवी. तिच्यासाठी वेगळी बैठक नसेल तर पुरुषांची बैठक अर्धीच राहते.

पुण्याच्या मुक्तांगणाने हे ओळखले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ मध्ये ते केंद्र येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात उभे केले. उपचार घेऊन बरे झालेले पुष्कळजण तिथेच इतरांना सावरायचे काम करतात, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे आणि बाहेर पडल्यावर पाठपुराव्याच्या बैठका आहेत. ॲक्रनच्या त्या दोघांचे तत्त्व तिथे मराठीत रुजले.

६. पेडगावहून शोध

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पेडगावच्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

पहिली पायरी दवाखान्याची. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने कुणाच्या सांगण्यावरून एका झटक्यात दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भास, भ्रम होतात. आपल्या वस्तीत याला बाहेरची बाधा समजून अंगारे लावतात. ती बाधा नसते, तो आजार असतो आणि त्यावर औषध आहे. म्हणून पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली जावेत. परभणीचे जिल्हा रुग्णालय हे त्यासाठी जवळचे ठिकाण. मारझोड करणाऱ्या, साखळीने बांधून ठेवणाऱ्या जागी माणसाला टाकू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई केली आहे.

दुसरी पायरी पत्ता मिळवण्याची. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत फोन आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे. तिथे जिल्ह्यातले केंद्र विचारावे. रुग्णालयातल्या समाजसेवकाला बैठकीचा वार आणि जागा विचारावी. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या मुंबईच्या कार्यालयाकडूनही जवळच्या गटाचा ठावठिकाणा मिळतो. बिल विल्सनने ॲक्रनमध्ये जे केले तेच करायचे आहे; एक फोन, मग दुसरा.

तिसरी पायरी आपली, म्हणजे या लेखाच्या वाचकांची आहे. अशा गटाला दोन माणसे पुरतात. एक सोडलेला, एक सोडू पाहणारा. खोली विहाराची, वेळ रविवार संध्याकाळची किंवा बाजारच्या दिवशी मजुरी हातात पडण्याआधीची. वर्षावासात तीन महिने आपण विहारात ग्रंथवाचन करतोच. त्याच चटईवर त्या वाचनानंतर अर्धा तास या माणसांना दिला तर काही वेगळे मागितल्यासारखे होत नाही. व्यासपीठ नको, हार नको, प्रमुख पाहुणा नको. शिकलेल्या माणसाने तिथे जाऊन व्याख्यान देऊ नये. खोली उघडून द्यावी, फोन लावून द्यावा, सोबत रुग्णालयात जावे आणि गप्प बसावे. आपल्या सुशिक्षित पिढीने गाव सोडताना दारुड्या चुलत्याला, मामालाही मागे सोडले आहे. नोकरीच्या गावी मित्रांत बसून पिणाऱ्यांचे व्यसन आपण तणाव म्हणतो आणि त्याच्या व्यसनाला बदफैली म्हणतो, हा दुटप्पीपणाही सोडला पाहिजे.

दारूच्या दुकानाविरुद्धची लढाई थांबवा असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. महसुलासाठी दारू विकणाऱ्या राज्याला फुल्यांनी विचारलेला प्रश्न आजही विचारावाच लागेल. पण त्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत आपला माणूस उकिरड्यावर पडून राहता कामा नये. सागताला वेशीतून उचलून विहारात आणणारे भिक्षू होते म्हणून तो सागत राहिला. पेडगावच्या वेशीत जो पडला आहे त्याला उचलून आणणे आणि शुद्धीवर आल्यावर त्याच्या शेजारी बसणे, हे काम प्रतिज्ञा घेतलेल्या प्रत्येकावर १९५६ पासून बाकी आहे.